जास्तीचे तीन खोकले

१

“पिवळी कुठाय, काकू?”

सुईताईने कोल्ड रूमच्या दारातूनच ओरडून विचारलं, तेव्हा मोजणीकाकू आपल्या टेबलाशी कान चोळत बसल्या होत्या. त्यांना वाटलं, पोरगी पिवळी फाइल विचारतेय. “बघ, असेल तिथेच कुठेतरी,” त्या म्हणाल्या. हरवलेल्या प्रत्येक वस्तूला त्यांच्याकडे हे एकच उत्तर असायचं आणि दहातल्या नऊ वेळा ते खरंही निघायचं.

ही दहावी वेळ होती.

सुईताई बाहेर आली ती पांढरीफटक होऊन. “बाटली, काकू. तिसऱ्या फळीवरची, पिवळ्या ठिपक्याची. सकाळी नऊला मी स्वतः पाच मोजल्यात. आता साडेअकराला चारच आहेत.”

“अगं, मग काढेबुवांनी नेली असेल.”

“त्यांना विचारलं. मॅडमनाही विचारलं.” तिचे ओठ थरथरत होते. दिवसभर सुया टोचणारी, कुणाच्या बापाला न घाबरणारी ती पोरगी. तिला असं काकूंनी कधी पाहिलं नव्हतं.

आता हे सगळं काय प्रकरण आहे ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढे गुंता व्हायचा. तर चीनमधून गोण्या भरभरून एक मुळी येते. तिकडचं नाव बाईबू. पिढ्यान्‌पिढ्या तिकडची माणसं खोकल्यावर तिचा काढा पितात. आमचे काढेबुवा ती मुळी कुटायचे, उकळायचे, गाळायचे आणि तिच्यातलं एकेक द्रव्य वेगळं करून बाटलीत भरायचे. शिकलेले चांगले परदेशात, पण काढे करतात म्हणून पडलं नाव काढेबुवा. सुईताई ते द्रव्य गिनीपिगांना पाजायची आणि मग त्यांच्या रक्तात ते किती उतरलं ते पाहायची, कारण पोटात गेलेलं सगळंच अंगी लागतं असं नाही. आणि काकू? काकू खोकले मोजायच्या.

हो, खोकले. काचेच्या पेटीत एक गिनीपिग बसायचं, आत आंबट पाण्याचं धुकं सोडायचे, जनावर खोकू लागायचं आणि काकू हेडफोन लावून दर खोकल्याला एक बटण दाबायच्या. अकरा वर्षं. मुलाचं लग्न ठरवताना ‘आई खोकले मोजते’ हे ऐकून मुलीकडच्यांनी दोनदा विचारलं होतं, की नक्की काय मोजते?

बाटल्यांवर नावं नसायची, नुसते रंगीत ठिपके. कुठल्या रंगात काय आहे, कुठल्या रंगाच्या जनावरांचं पुढे काय झालं, हे काकूंना मुद्दाम सांगत नसत. माणसाला कळलं की त्याचा कान हवं तेच ऐकतो. त्यामुळे काकूंना ठाऊक होतं ते एवढंच, की परवा आणि काल पिवळ्या ठिपक्याच्या जनावरांनी एकदाही खोकला काढला नव्हता. शून्य! अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कागदावर शून्य लिहिलं होतं आणि मनातल्या मनात टाळी वाजवली होती.

“मॅडमनी सगळ्यांना बोलावलंय,” सुईताई म्हणाली. “आणि काकू, तुमचा आजचा आकडाही चुकलाय. पेटीवरच्या यंत्राने अकरा धरलेत, तुम्ही चौदा.”

“मी? चुकले?” काकू ताडकन उठल्या. टेबलावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला. सकाळी बसमध्ये पर्स उघडली तर त्यात तो नव्हता, तेव्हा केवढा जीव वरखाली झाला होता. दहाला मोजणी उरकून बाहेर येतात तर हा आपला टेबलावर. कालपासून इथेच असणार. म्हातारपण, दुसरं काय!

“मी चुकत नाही,” त्या म्हणाल्या.

२

मॅडमच्या खोलीचं दार आतून लावलं, तेव्हा आत पाच माणसं होती. मॅडम, काढेबुवा, सुईताई, काकू आणि दाराशी टोपी हातात धरून उभे राहिलेले दारवानमामा.

मॅडम आवाज न चढवता बोलणाऱ्या. आज तर त्या इतक्या हळू बोलत होत्या, की काकूंना पुढे वाकावं लागलं.

“पोलिसांना फोन केलाय. ते यायला तास तरी लागेल. तेवढा वेळ आपल्याकडे नाही. बाटली ज्याने नेली त्याने ती विकायला नेली असेल तर देव पावला. प्यायला नेली असेल, तर आजच कुणीतरी मरणार आहे.”

मामांच्या हातातली टोपी खाली पडली.

“मरणार?” काकूंच्या तोंडून निघालं. “अहो, पण पिवळी तर… शून्य…”

“शून्यच येणार, काकू.” हे काढेबुवा. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. “बाकीची द्रव्यं रक्तात जेमतेम उतरतात. घशाजवळच काम करतात, हळूहळू. पिवळीतलं तसं नाही. उपाशीपोटी घेतलं तर वीस मिनिटांत सगळंच्या सगळं रक्तात, तिथून मेंदूत. मेंदूत खोकल्याचं ठाणं आहे ना, ते बंद पाडतं. शेजारीच श्वासाचं ठाणं आहे. मात्रा जास्त झाली की तेही.”

“तुम्ही शून्य लिहिलंत त्यातली तीन जनावरं पेटीतून काढली ती झोपेतच,” सुईताई म्हणाली. “पुन्हा उठलीच नाहीत. तुम्हाला सांगायचं नसतं म्हणून…”

काकू मटकन खुर्चीत बसल्या. तिकडे जनावरं मरत होती आणि इकडे आपण टाळ्या वाजवत होतो! काल घरी जाताना तर त्या बसमध्ये गुणगुणतही होत्या.

“केवढं घेतलं तर…?” मामांनी विचारलं.

“मोठ्या माणसाला दोन चमचे,” काढेबुवा म्हणाले. “लहान मुलाला अर्धाही नको.”

मॅडमनी टेबलावर एक खोका ठेवला. बिनसुईच्या पिचकाऱ्यांचा, सगळ्यात लहान मापाचा. गिनीपिगांच्या पिल्लांच्या तोंडात दूध सोडायला वापरतात त्या.

“हा कोल्ड रूमच्या बाहेरच्या कपाटात असतो. काल संध्याकाळी नवा फोडला, वीस होत्या. आता एकोणीस आहेत.”

काकूंनी पाहिलं. एवढुशी पिचकारी. ती मोठ्या माणसाला लागत नाही. बाटलीतलं औषध कुणाच्या तरी इवल्या तोंडात, गालाच्या कडेने, एकेक थेंब सोडायचं होतं.

“पोराला द्यायचंय,” त्या पुटपुटल्या. “देवा रे, कुणीतरी पोराला देणार आहे ते.”

३

संशय घ्यायचा म्हटलं, की माणूस आधी गरिबाकडे बघतो. सगळे मामांकडे वळले.

मामांचा खोकला सगळ्या इमारतीला ठाऊक. सकाळी फाटकाशी ‘खॉक्’ झालं की वरच्या मजल्यावर घड्याळ लावावं. आणि गेले चार दिवस तो बंद होता!

“मामा, खोकला कशाने गेला तुमचा?” मॅडमनी विचारलं.

“सिगारेट सोडली, मॅडम. बायकोने शपथ घातली.” मामा रडकुंडीला आले होते. “माझी झडती घ्या. घरी नातवंडं आहेत, पण ती ठणठणीत आहेत हो.”

“चोर सोडून संन्याशाला फाशी नको,” काकू मध्येच म्हणाल्या. भीतीने त्यांचा आवाज चिरकत होता, पण डोकं चालू होतं. “बाटली आज सकाळी गेली. यांचा खोकला चार दिवसांपूर्वी गेला. उद्या जेवणारा आज ढेकर देतो का?”

“सकाळपासून आत कोण कोण आलं?” मॅडमनी मामांना विचारलं.

“वहीत बघा. हे दोघं, काकू, तुम्ही. परकं कुणी आलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत परका माणूस आत जाईल, तर नोकरी सोडीन.”

ते छातीवर हात ठेवून बोलत होते आणि काकूंना ते खरं वाटलं. आवाजातली खोट त्यांच्या कानातून सुटत नसे.

मग काढेबुवा. त्यांची जुळी मुलं आठ महिन्यांची आणि दोघंही महिनाभर कफाने बेजार. परवाच त्यांनी काकूंना जिन्यात गाठून ‘कुठला रंग बरा वाटतोय?’ असं हळूच विचारलं होतं. नियमात न बसणारा प्रश्न. तो आता काकूंनी सगळ्यांसमोर सांगितला. सांगताना त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“विचारलं होतं,” काढेबुवा म्हणाले. कपाळावर घाम होता. “बाप आहे मी. पण काकू, पिवळी मी माझ्या हाताने भरलीय. ती मेलेली तीन जनावरं मीच उचलली. माझ्या पोरांना ती देईन मी?”

“आणि मी तर रोज त्यांच्या रक्ताचे आकडे बघते,” सुईताई म्हणाली. “मला कुणाचा खोकला थांबवायचा असता तर हिरवी नेली असती. सौम्य आहे, पण मारत नाही.”

“कुणाला मारायचंच असेल तर?” मामांनी भीत भीत विचारलं.

“मारणारा बाटली चहात ओततो, मामा. पिल्लांची पिचकारी मोजून नेत नाही,” मॅडम म्हणाल्या. त्या खिडकीशी गेल्या, परत आल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी काकूंकडे सरळ पाहिलं.

“म्हणजे चोराला दोन गोष्टी ठाऊक होत्या. पिवळीने खोकला थांबतो आणि ती तिसऱ्या फळीवर असते. एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. ती मारते. आम्हा तिघांना ते माहीत आहे. मामांना यातलं काहीच माहीत नाही. पिवळी शून्य आणते एवढंच ठाऊक असलेलं माणूस या इमारतीत एकच आहे.”

काकूंना कळायला क्षणभर वेळ लागला. मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“मी?”

“तुमची नात खोकते ना, काकू? चार आठवडे?”

४

“मी नाही नेली हो! पोरीची शपथ!”

काकू ओरडल्या खऱ्या, पण शपथ कुणाची घेतली ते लक्षात येताच त्यांनी जीभ चावली. चिमणीची. चार वर्षांची पोर, उसळी मारून खोकायची, खोकून खोकून निळी पडायची. डॉक्टर म्हणाले होते, धीर धरा, वेळ लागेल. धीर धरणं तोंडाने सोपं. मुलगा जहाजावर, सहा महिने लांब. घरात काकू, ती पोर आणि सून. सुनेबद्दल काकूंचं मत साऱ्या मजल्याला पाठ होतं. धांदरट! दूध उतू घालवेल, किल्ली दाराला विसरेल. पोरीचं औषध म्हणूनच काकू स्वतः मोजून द्यायच्या.

“पर्स बघा माझी. डबा बघा,” त्या म्हणाल्या. मॅडमनी बघितलंही. काही नव्हतं.

“काकू, दिलं असेल तर आत्ता सांगा. मी एक शब्द बोलणार नाही.”

“मी नऊ ते दहा मोजणीच्या खोलीत होते. नंतर टेबलावर होते. आणि…” त्या थांबल्या. काहीतरी त्यांना टोचत होतं. नऊ ते दहा. चौदा आणि अकरा.

“मॅडम, यंत्र काय मोजतं?”

“आत्ता हे कशाला?”

“सांगा ना!”

“पेटीतल्या हवेला बसणारा धक्का. खोकला असो, शिंक असो.”

“हां. म्हणजे यंत्र शिंकाही धरतं. मी शिंका सोडते. अकरा वर्षं यंत्राचा आकडा माझ्यापेक्षा जास्त येतो, नाहीतर सारखा येतो. कमी आलाय का कधी?”

सुईताईने मान हलवली. “कधीच नाही.”

“मग आज कमी कसा? मी तीन खोकले जास्तीचे ऐकले, पण पेटीतल्या हवेला धक्का लागला नाही. म्हणजे ते खोकले पेटीतले नव्हतेच! बाहेरचे होते.”

मॅडमच्या भुवया वर गेल्या. “पण तुमचा माइक तर पेटीत असतो.”

“पेटीची हवा कुठून घेतो आपण?” काकूंनी विचारलं आणि उत्तर काढेबुवांनी दिलं, अगदी हळू आवाजात.

“नळीने. कोल्ड रूमबाहेरच्या बोळातून. नळीचं तोंड खाली आहे, जमिनीपासून हातभर.”

पाचही जण मोजणीच्या खोलीकडे धावले. आवाज रोज ध्वनिमुद्रित व्हायचाच. सुईताईने सकाळचा भाग लावला. काकूंनी हेडफोन चढवले, डोळे मिटले. धुक्याचा सूं आवाज. गिनीपिगाचा खोकला, बारीक, कोरडा. एक. दोन. पाच. नऊ वाजून अडतीस मिनिटांनी लांबून काहीतरी खुडबुडलं, बाटल्या एकमेकींना लागल्यासारखं. आणि मग नळीतून घुमत आलेले, एकापाठोपाठ एक, तीन. तिसऱ्याच्या शेवटी आत ओढलेल्या श्वासाची एक लांब शीळ.

सकाळी बोट आपोआप बटणावर पडलं होतं. मोजायच्या धुंदीत कान आवाज ऐकतो, माणूस ऐकत नाही.

आता काकूंनी माणूस ऐकला. हा खोकला त्यांनी चार आठवडे रात्ररात्र उशाशी बसून ऐकला होता. नळीच्या तोंडाशी, जमिनीपासून हातभर उंचीवर, त्यांची चिमणी उभी होती.

५

त्यांनी हेडफोन काढले. बाकीचे काही विचारायच्या आत त्या मामांकडे वळल्या.

“मामा, सकाळी माझी सून आली होती?”

“आली होती की. तुमचा चष्मा घरी राहिला म्हणून. सोबत चिमणीही होती. तुम्ही आत मोजत होतात, मग म्हटलं जा, टेबलावर ठेवून ये.” मामांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. “मी लिहिलं नाही वहीत. घरचंच माणूस ना काकू, परकं थोडंच?”

काल रात्री तोच चष्मा लावून आपण घरी वर्तमानपत्र वाचलं होतं, हे काकूंना आता आठवलं. आणि त्यानंतरचंही सगळं आठवलं. जेवताना चिमणीला खोकल्याची उबळ आली होती. आणि आपण, जिभेला हाड नसलेली बाई, मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, “आमच्याकडे तिसऱ्या फळीवर पिवळी बाटली आहे. आज पुन्हा शून्य! हिला थेंबभर मिळाली असती तर उद्या शाळेत गेली असती.” सून नुसती बघत राहिली होती.

“माझ्या घरात आहे बाटली,” काकू म्हणाल्या. “मीच सांगितलं तिला. चोर माझ्या घरात आहे आणि मीच तिला वाट दाखवली.”

कुणी दोष दिला नाही, तेवढा वेळच नव्हता. मॅडमनी रुग्णवाहिकेला पत्ता सांगितला. काकू घरी फोन लावत होत्या. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली आणि बंद पडली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. चिमणी बाराला जेवायची आणि साडेबाराला झोपायची. औषध द्यायचं तर झोपेआधी, हे काकूंनीच घरात लावलेलं वळण.

“चला,” सुईताईने स्कूटरची किल्ली काढली.

रस्ता वीस मिनिटांचा. काकूंनी तिच्या कमरेला मिठी मारली होती आणि तिच्या कानाशी ओरडत होत्या. “जेवून घेतलं असेल तर? भरल्या पोटी?”

“हळू चढतं. तासभर लागेल. तेवढा वेळ आहे आपल्याकडे.”

“आणि तिने अर्धा चमचा दिला असेल तर?”

सुईताईने स्कूटरचा वेग वाढवला. लाल दिव्याला स्कूटर थांबली. काकूंना वाटलं, उतरावं आणि पळत सुटावं. साठ सेकंदांचा तो दिवा. मोजायची सवय, म्हणून त्यांनी मोजले आणि प्रत्येक आकड्याला सुनेला एक शिवी दिली. धांदरट. मूर्ख. कैदाशीण. पोरीला काही झालं तर तुझं तोंड बघणार नाही. आणि मग आपलंच तोंड आठवून त्यांना रडू फुटलं.

६

तिसरा मजला. काकू जिना चढल्या की उडाल्या, त्यांना आठवत नाही. दारापाशी पोचल्या आणि आतून आवाज आला.

खोकला. उसळी मारणारा, शेवटी शिळेसारखा श्वास ओढणारा.

“जिवंत आहे!” काकू भिंतीला टेकल्या. हसू आणि रडू एकदमच आलं. चार आठवडे ज्या खोकल्याला त्यांनी शिव्याशाप दिले, त्याचीच आता अलाबला घ्यावीशी वाटली. “खोकतेय गं! दिलं नाही तिने! सुईताई, दिलं नाही!”

“चिमणे,” त्यांनी दारावर थाप मारली. “सोन्या, मी आजी. आईला सांग दार उघडायला.”

आत इवली पावलं वाजली. मग दाराच्या फटीशी बारीक आवाज.

“आजी, आई उठत नाहीये.”

काकूंच्या हातातून किल्ली दोनदा निसटली. शेवटी सुईताईने दार उघडलं.

सून स्वयंपाकघराच्या फरशीवर कुशीवर पडली होती. ओठ निळसर. ओट्यावर पिवळ्या ठिपक्याची बाटली, एक चमचा आणि न वापरलेली पिचकारी, तिच्या कागदी पाकिटातच. शेजारी स्वयंपाकघरातलं घड्याळ भिंतीवरून काढून आडवं ठेवलेलं आणि एका बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं, ठळक, शाळेतल्या मुलीसारखं: ‘१२.०५. मी एक चमचा घेतला. सकाळपासून खाल्लं नाही. १२.१५. काही त्रास नाही, बरं वाटतंय. १२.२० थोडी झोप. एक वाजेपर्यंत काही झालं नाही तर चिमणीला चार थेंब.’

पुढे पेन्सिल घसरत गेली होती.

“काकू, श्वास मोजा!” सुईताई गुडघ्यांवर बसली होती, सुनेची हनुवटी वर उचलत. “मिनिटाला किती, मला सांगा. फक्त मोजा!”

काकूंनी तिच्या नाकाशी कान नेला. काही नाही. काही नाही. मग एक, अगदी पुसट. पुन्हा मोठी पोकळी. “चार,” मिनिटभराने त्या म्हणाल्या. “मध्ये मध्ये थांबतोय.”

सुईताई तिच्या तोंडात श्वास फुंकू लागली. काकू मोजत राहिल्या. दाराशी चिमणी खोकत उभी होती आणि तिला जवळ घ्यायलाही कुणाला हात मोकळा नव्हता. रुग्णवाहिकेची माणसं प्राणवायूचं नळकांडं घेऊन वर आली, तेव्हा काकूंचे ओठ हलत होते आणि आवाज निघत नव्हता.

७

संध्याकाळी पाचच्या सुमाराला रुग्णालयात सुनेने डोळे उघडले. डॉक्टरांनी सांगितलं, अजून एक चमचा घेतला असता, किंवा तुम्ही दहा मिनिटं उशिरा आला असता, तर आम्ही काही करू शकलो नसतो.

मॅडम येऊन गेल्या. पोलीसही येऊन गेले. त्यांनी विचारलं, बाटली कुणी नेली? काकूंनी शांतपणे सांगितलं, नेली तिने, पण पाठवलं मी. लिहायचं तर दोन्ही लिहा. मॅडमनी खाली मान घालून सांगितलं होतं, की काकू, बाहेर बोलायचं नाही ही पहिली अट होती, मला तुम्हाला ठेवून घेता येणार नाही. काकूंनी मान डोलावली होती. त्यांना त्याचं नंतर वाईट वाटणार होतं. आत्ता नाही.

सून छताकडे बघत होती. चिमणी तिच्या पायाशी झोपली होती.

“तुला फोन ऐकू नाही आला?” काकूंनी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

“येत होता. हात उचलत नव्हता.” तिचा आवाज फाटका होता. “आई, तुम्ही रागावाल. मी चोरी केली.”

“ते राहू दे. वेडे, स्वतः कशाला प्यायलीस? सरळ मला विचारायचंस.”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. आणि रात्री ती निळी पडते तेव्हा…” ती थांबली, श्वास घेतला. “तुम्ही शून्य म्हणालात. पण शून्य जनावरांचं होतं ना? माणसांत कुणी घेऊन बघितलं होतं, ते तुम्ही सांगितलं नव्हतं. असं कसं पोरीच्या तोंडात घालू? आधी कुणीतरी घेऊन बघायला नको? घरात दुसरं कोण होतं?”

पाच माणसं, तीन जणांच्या पदव्या, यंत्रं, रंगीत ठिपके. एवढ्या सगळ्यांना एकटं पुरून उरलेलं ते माणूस काकूंनी पाच वर्षं धांदरट म्हणून हिणवलं होतं. लाल दिव्याला दिलेल्या शिव्याही त्यांना आठवल्या. त्यांनी सुनेचा हात हातात घेतला.

“चुकलं माझं,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“काय चुकलं?”

“सगळं. तुझ्या बाबतीत तर सगळंच.”

सुनेने डोळे मिटले. झोप लागतेय असं वाटून काकू श्वास मोजायला पुढे झुकल्या. पण ती झोपली नव्हती.

“आई,” ती म्हणाली, “चिमणीचं रात्रीचं औषध राहिलंय. आज तुम्ही नका देऊ. उशाशी आणून ठेवा. मी देते.”

काकू उठल्या आणि डॉक्टरांच्या औषधाची बाटली आणायला घरी निघाल्या.